सायक्लोन टेलरच्या गोलांशेजारी त्याच्या काळचे नियमही छापावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीत आपण बर्फावरच्या हॉकीतला कॅनडाचा आरंभीचा व्यावसायिक खेळाडू फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर याला अर्धे पान दिलेत. कोकणातल्या दैनिकाने या खेळाला एवढी जागा द्यावी याचा मनापासून आनंद वाटला, म्हणूनच हे पत्र. लेखासोबतचा आकड्यांचा तक्ता मात्र वाचकाला भलत्याच वाटेला नेतो. ओटावात मोसमाला दहाच्या आत गोल, व्हँकुव्हरला १९१३-१४ मध्ये १६ सामन्यांत २४ आणि १९१७-१८ मध्ये १८ सामन्यांत ३२. यावरून ‘टेलरचा खेळ तिशीत बहरला’ असा निष्कर्ष लेखात काढला आहे. तो बरोबर नाही. माणूस तोच होता. बदलले ते त्याचे मैदानावरचे स्थान, पास देण्याचा नियम आणि पायाखालचा बर्फ. या तीन गोष्टी तक्त्यात कुठेच नाहीत.

पुढच्या महिन्यापासून आपण जिल्ह्यातल्या जुन्या कबड्डीपटूंची मालिका सुरू करणार असल्याची चौकट त्याच पानावर आहे. टेलरच्या बाबतीत झाले तेच तिथे होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्थान. आपल्या वाचकाला सात जणांचा संघ समजावून सांगावा लागत नाही, आणि त्या काळची बर्फावरची हॉकीही सात जणांचीच होती. गोलरक्षक, त्याच्यापुढे पॉइंट, त्याच्यापुढे कव्हर-पॉइंट, मग मोकळा फिरणारा रोव्हर, पुढे मध्ये सेंटर आणि दोन बाजूंना दोन विंग. कबड्डीतला कव्हर कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, साखळीत उभा असतो. बर्फावरचा कव्हर-पॉइंट पॉइंटच्या अगदी समोर उभा राहायचा, म्हणजे दोन बचावपटू शेजारी शेजारी नसून एकामागे एक. पहिला चुकला तर दुसरा तयार, अशी ती रचना.

या कव्हर-पॉइंटचे ठरलेले काम होते पक अडवणे आणि उचलून फेकणे. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. स्टिकचे पाते चकतीच्या कडेखाली सरकवायचे, मनगटाला हिसका द्यायचा आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून ती पलीकडच्या टोकाला भिरकावून द्यायची. आपल्या संघाला दम घ्यायला उसंत मिळते, हा त्याचा फायदा. तोटा असा की आपल्या हातातला पक आपणच समोरच्याला देऊन टाकतो. १९०७ च्या अखेरीस टेलर ओटावाला आला तेव्हा त्याला पुढच्या फळीतून काढून या कव्हर-पॉइंटच्या जागी उभे केले, आणि त्याने पक भिरकावण्याऐवजी तो स्टिकवर घेऊन स्वतः पळायला सुरुवात केली.

यात धोका मोठा. कव्हर-पॉइंट पुढे निघून गेला की त्याची जागा उघडी पडते. वाटेत पक हिसकावला गेला तर मागे उरतात फक्त पॉइंट आणि गोलरक्षक. म्हणून हे त्यालाच परवडते, ज्याचा परतीचा वेग जाण्याच्या वेगाइतकाच आहे. टेलरचा होता. त्या जागेवरून मोसमात आठ-नऊ गोल म्हणजे आपल्याकडे एखाद्या कव्हरने चांगल्या पकडी करून वर चढाईतही गुण आणण्यासारखे आहे. चढाईपटूच्या गुणांशी त्याची तुलना कोणी करत नाही. टेलरची मात्र आपण त्याच्याच पुढच्या काळाशी तशी तुलना केलीत.

दुसरी गोष्ट पासची. पूर्व कॅनडात तेव्हा रग्बीसारखा नियम होता. ज्याच्याकडे पक आहे त्याच्या पुढे असलेल्या साथीदाराला तो देता येत नसे. पास आडवा किंवा मागे, पुढे कधीच नाही. त्यामुळे हल्ला म्हणजे एकाने पक घेऊन घुसायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या किंचित मागे राहून साथ द्यायची. साथीदार उत्साहाच्या भरात अर्धे पाऊल पुढे गेला की शिट्टी, आणि केलेली सगळी धाव फुकट.

व्हँकुव्हर ज्या पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशनमध्ये खेळे, तिने १९१३-१४ च्या मोसमात मैदानावर दोन निळ्या रेषा आखल्या. मैदानाचे तीन भाग झाले आणि मधल्या भागात पुढे पास द्यायला परवानगी मिळाली. आता टेलरचे आकडे या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे ठेवून पाहा. १९१२-१३ मध्ये, व्हँकुव्हरच्या पहिल्या मोसमात, १४ सामन्यांत १० गोल. निळ्या रेषा आल्या त्याच मोसमात १६ सामन्यांत २४. त्यातच तो आता कव्हर-पॉइंट राहिला नव्हता. बहुतेक रोव्हर म्हणून आणि कधी सेंटरला खेळत होता. रोव्हर म्हणजे सातातला तो गडी, ज्याला ठरलेली जागाच नाही. बचावात हवा तर बचावात, पुढे हवा तर पुढे. वेगवान माणसाला मधल्या भागात पळत असतानाच पुढून पक मिळू लागला, आणि गोल वाढले.

इथे आणखी एक खाच आहे. पूर्वेच्या नॅशनल हॉकी असोसिएशनने १९११-१२ पासून रोव्हर काढून टाकला आणि संघ सहांचा केला. पश्चिमेकडे रोव्हर १९२२ पर्यंत टिकला. म्हणजे एकाच वर्षी देशाच्या दोन टोकांना दोन वेगळे खेळ चालू होते. १९१५ साली व्हँकुव्हर आणि ओटावा स्टॅनली कप या विजेतेपदाच्या करंडकासाठी समोरासमोर आले तेव्हा पहिला आणि तिसरा सामना पश्चिमेच्या नियमांनी, सातांचा झाला आणि मधला पूर्वेच्या नियमांनी, सहांचा. व्हँकुव्हरने ६-२, ८-३ आणि १२-३ असे तिन्ही जिंकले. दोन्ही नियमांत जिंकले, हे त्या विजयाचे खरे मोल आहे आणि लेखात नेमके तेच सुटले. पश्चिमेत गोलासाठी पास देणाऱ्याचीही नोंद ठेवत, टेलर पूर्वेत खेळत असताना तिथे ठेवत नसत. म्हणून टेलरच्या ओटावा आणि रेनफ्रू (ओटावानंतरचा त्याचा संघ) इथल्या वर्षांपुढे तक्त्यात त्या रकान्यात जी शून्ये छापली आहेत ती चुकीची आहेत. तिथे आडवी रेघ हवी. नोंद नसणे आणि शून्य असणे यांत फार अंतर आहे.

आता बर्फ. ही बाब कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला सर्वांत सोपी असताना आपण ती एका ओळीत उरकलीत, याचे वाईट वाटले.

ओटावा किंवा रेनफ्रूची रिंगणे बंदिस्त होती, डोक्यावर छप्पर होते, पण बर्फ गोठवायचे यंत्र नव्हते. बाहेरच्या थंडीनेच पाणी गोठवायचे. त्यामुळे मोसम डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत सुरू होई आणि मार्चच्या सुरुवातीला आटपे. १०-१२ सामन्यांचा मोसम म्हणून तो हलका होता असे लेखातल्या एका वाक्यावरून वाटते, पण पावसाळ्यात आपली मातीची मैदाने जशी बंद असतात तसेच ते होते. मोसमाच्या शेवटी हवा तापली की वरचा थर पाणावतो. पक घसरायचा थांबतो, पाण्यात रुतल्यासारखा होतो. स्केटचे पाते धार धरण्याऐवजी कापत खोल जाते. अशा मैदानावर वेगाचा खेळाडू सर्वांत आधी मार खातो आणि धिप्पाड, रेटारेटी करणाऱ्याचे फावते. सामना तेव्हा ३० मिनिटांच्या दोन डावांचा असे. १९१०-११ पासून पूर्वेच्या लीगने २० मिनिटांचे तीन डाव केले, म्हणजे बर्फ साफ करायला एकाऐवजी दोन मध्यंतरे मिळू लागली. खेळाडू आजच्यासारखे मिनिटा-मिनिटाला बदलत नसत. मैदानात उतरलेले सातजण बहुतेक वेळा पूर्ण साठ मिनिटे खेळत. त्यामुळे पहिल्या डावात किती पळायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी किती राखून ठेवायचे, हेही कसब होते.

व्हँकुव्हरला हिवाळ्यात बहुतेक पाऊसच. तिथे नैसर्गिक बर्फाचा भरवसा नाही. लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी वडिलांचा लाकडाचा धंदा विकून आलेल्या पैशातून १९११ मध्ये लीग उभी केली आणि व्हँकुव्हर व व्हिक्टोरिया इथे कॅनडातली पहिली कृत्रिम बर्फाची रिंगणे बांधली. ही रिंगणे कशी चालतात हे मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरालगत बर्फाचा कारखाना पाहिलेल्या कोणालाही पटकन कळेल. कारखान्यात अमोनियाच्या यंत्राने टाकीतले खारे पाणी शून्याच्या बरेच खाली नेतात. ते खारे असल्यामुळे स्वतः गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले डबे सोडले की आतल्या पाण्याची लादी होते. रिंगणात हेच खारे पाणी डब्यांभोवती न ठेवता जमिनीखाली शेजारी शेजारी टाकलेल्या नळ्यांतून फिरवतात, आणि गोडे पाणी वर पसरतात.

पाणी एकदम ओतून चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो पूर्ण गोठू द्यायचा, मग पुढचा. एकदम ओतले तर आत हवा अडकते, बर्फ पांढरट आणि ठिसूळ होतो आणि स्केटखाली त्याचे टवके उडतात. एकूण जाडी इंच-दीड इंचाच्या आसपास पुरते. जास्त जाड केला तर नळ्यांतला गारवा वरपर्यंत पोचत नाही आणि वरचा थर मऊ पडतो, म्हणजे एवढी यंत्रे लावूनही पुन्हा मार्चमधल्या मैदानाचीच गत. थर नीट बसला तर मोसमाच्या पहिल्या सामन्याला आणि शेवटच्या सामन्याला बर्फ जवळपास सारखाच कडक मिळतो. टेलरसारख्या खेळाडूला वयाच्या तिशीत याहून मोठी देणगी कोणती?

पैशांबद्दल. ‘जगातला पहिला व्यावसायिक हॉकीपटू’ हा फोटोखालचा मजकूर दुरुस्त करावा. मिशिगनमधल्या हाउटन या तांब्याच्या खाणींच्या गावात डॉक गिब्सन नावाच्या दंतवैद्याच्या पुढाकाराने १९०४ मध्ये उघडपणे पैसे देणारी पहिली लीग सुरू झाली. टेलर तिथल्या पोर्टेज लेक्स संघात १९०६ च्या सुरुवातीला आला. त्याआधी टोरांटोच्या संघात जायला नकार दिल्याने ऑन्टॅरियो प्रांताच्या हॉकी संघटनेने त्याला १९०४-०५ चा मोसम खेळू दिला नव्हता. हाउटनने १९०६ आणि १९०७ ची विजेतेपदे जिंकली आणि लीग बंद पडली, कारण तोवर कॅनडातले संघही पैसे देऊ लागले होते. मग ओटावा, आणि तिथे १९०९ चा स्टॅनली कप.

त्यानंतर डिसेंबर १९०९ मध्ये रेनफ्रू या छोट्या गावाच्या संघाने त्याला १२ सामन्यांच्या मोसमासाठी ५,२५० डॉलर दिल्याचे तेव्हा छापून आले. खाणी आणि रेल्वेच्या ठेक्यांवर श्रीमंत झालेले ओब्रायन कुटुंब त्या संघामागे होते. सामन्याला साधारण ४३७ डॉलर पडले. हा आकडा लेखात आहे, पण त्याचा पुढचा भाग नाही. इतके करून रेनफ्रू तिसऱ्या क्रमांकावर राहिले. लगेच पुढच्या मोसमात लीगने अख्ख्या संघाच्या पगारावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली, म्हणजे आदल्या वर्षी एकट्या टेलरला मिळाल्याचे छापून आले त्याहून कमी. १९११ नंतर रेनफ्रूने संघच मोडला आणि खेळाडूंचे हक्क परस्पर इतर संघांना वाटले गेले. टेलर कागदोपत्री माँट्रियलच्या वाँडरर्सकडे गेला. त्याला ओटावातच राहायचे होते. त्यामुळे १९११-१२ चा जवळजवळ पूर्ण मोसम तो बाहेर बसला. आपल्या तक्त्यात हे वर्ष ‘दुखापत’ म्हणून दाखवले आहे. दुखापत नव्हती. खेळाडूच्या संमतीशिवाय त्याचा संघ ठरवण्याचा तो परिणाम होता.

त्याला ओटावातच का राहायचे होते, याच्या कारणांत लेखाने पूर्ण वगळलेली एक गोष्ट आहे, नोकरी. १९०७ मध्ये ओटावाने त्याला ओढले ते केवळ मोसमाच्या पैशांवर नव्हे. सोबत केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यातली कायम नोकरी होती. खेळ दोन-अडीच महिन्यांचा, पोट बारा महिन्यांचे. बँक, रेल्वे, पोलीस, बंदर अशा नोकऱ्यांवर कबड्डीपटूंच्या पिढ्या उभ्या राहिलेल्या आपण पाहतो. तिथे संघ आणि नोकरी वेगळी काढताच येत नाही. टेलरचेही तसेच. तो १९१२ मध्ये व्हँकुव्हरला गेला तेव्हा नोकरीही त्याच खात्यात, तिथल्या कार्यालयात चालू राहिली.

याच नोकरीमुळे तो आपल्या इतिहासात येतो. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदुस्थानी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आले. बहुतेक पंजाबी शीख, काही मुसलमान आणि हिंदू. मायदेशातून थेट, वाटेत न उतरता आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम कॅनडाने केला होता, आणि हिंदुस्थानातून तसा थेट प्रवास करण्याची सोयच नव्हती. जहाजाला धक्क्याला लागू दिले नाही. ते दोन महिने बंदरात नांगरून ठेवले. अन्नपाण्याचे हाल झाले. त्या जहाजावर सर्वांत आधी चढलेल्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांत टेलर होता. चोवीस गोलांचा तो मोसम संपून तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. प्रवेश नाकारण्याचा निर्णय त्याचा नव्हता, तो सरकारचा होता. पण तो त्या खात्याचा माणूस होता आणि त्याने ते काम केले. २३ जुलैला जहाज परत धाडले गेले. सप्टेंबरअखेरीस कलकत्त्याजवळ बजबज इथे प्रवासी उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात सुमारे २० जण मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाची माफी मागितली ती २०१६ मध्ये.

आपण मराठीत, किनाऱ्यावरच्या वाचकासाठी टेलरची कारकीर्द लिहिता आणि हे जहाज त्यात नसते, हे मला पटत नाही. नांगरून ठेवलेल्या बोटीवर पाणी संपणे म्हणजे काय, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. टेलर पुढे त्याच खात्यात वर चढत ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉन या भागांचा इमिग्रेशन आयुक्त झाला, १९४६ मध्ये त्या सेवेसाठी ब्रिटिश सरकारचा ओबीई किताब मिळाला आणि १९४७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १९७९ मध्ये व्हँकुव्हरला वारला. खेळ आणि नोकरी मिळूनच ही कारकीर्द पुरी होते.

उलटे स्केटिंग करत गोल केल्याची गोष्ट लेखात मोठ्या अक्षरांत आहे. ओटावाच्या बचावातून उलटा जाऊन गोल करीन असे तो १९१० च्या फेब्रुवारीतल्या सामन्याआधी म्हणाल्याचे सांगतात. ओटावातला तो सामना रेनफ्रूने ८-५ असा गमावला. मार्चमध्ये रेनफ्रूच्या मैदानावर १७-२ असा विजय मिळाला तेव्हा त्याने तसा एक गोल केला म्हणतात. सांगणाऱ्यागणिक उलट्या धावेचे अंतर वाढत गेले आहे. पूर्ण मैदान उलटे पार करणे सोडून द्यावे, पण शेवटच्या काही यार्डांत गोलाकडे पाठ करून उलट्या हाताने पक मारणे अगदी शक्य होते. तेव्हा स्टिकचे पाते सरळ असे. आजच्या वळवलेल्या पात्याने उलट्या हाताचा फटका दुबळा पडतो, सरळ पात्याने तो जवळजवळ सुलट्या फटक्याइतकाच बसतो. लेखासोबतच्या चित्रात मात्र टेलरच्या हाती वळवलेले पाते आणि डोक्यावर हेल्मेट दाखवले आहे. दोन्ही त्याच्या काळात नव्हते.

आता कबड्डीच्या मालिकेबद्दल विनंती. प्रत्येक खेळाडूच्या तक्त्यात सामने आणि गुण यांच्यासोबत आणखी काही रकाने ठेवावेत. मैदान मातीचे की मॅटचे. मातीवर पाय रुततो आणि घोट्याची पकड बसते, मॅटवर बूट घालून खेळताना वळण्याचा वेग वेगळा असतो. चढाई दम टिकेपर्यंत होती की ३० सेकंदांची. तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे हा नियम आणि तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीचा जादा गुण, हे दोन्ही २०१४ च्या प्रो कबड्डीसोबत रुळले. त्याआधीच्या बचावपटूचे गुण आजच्याशेजारी ठेवले तर तो विनाकारण कमी दिसणार. तेव्हा रिकाम्या चढाया टाकून आघाडी राखणे हे डावपेचाचा भाग होते, आज तसे करता येत नाही. म्हणून जुन्या चढाईपटूचे कमी गुण म्हणजे कमी दर्जा नव्हे. खेळाडू गावच्या संघाचा की स्पर्धेपुरता बाहेरून आणलेला, हेही नोंदवावे. तो कोणत्या नोकरीत होता आणि ती खेळामुळे मिळाली का, हा रकाना तर हवाच. जिथे माहिती मिळणार नाही तिथे शून्य न छापता रेघ ओढावी.

रकाने वाढले तर जागा लागेल. त्यासाठी प्रत्येक भागातला एक फोटो कमी केला तरी चालेल.

कळावे,
आपला,
कबड्डीचा एक पंच
गुहागर, जि. रत्नागिरी